दारातून सांगितलेल्या चार ओळी

बेबीनंदा आत आली नाही. चपला काढून, त्या भिंतीशी नीट लावून ती चौकटीबाहेरच उभी राहिली. मी "ये ना गं" म्हटलं तेव्हा तिनं माझ्याकडे न बघता गोजरबाईंकडे बघितलं. गोजरबाई म्हणजे आमच्या शाळेच्या शिपाईण. कॉम्प्युटरच्या खोलीच्या दाराशी स्टूल टाकून बसायचं काम त्यांनी आपणहून घेतलं होतं. त्यांनी रोजच्याच आवाजात रोजचाच प्रश्न विचारला होता, "चालतंय का गं आत यायला?" चालत असेल ती मुलगी मान हलवायची आणि उडी मारून आत यायची. बेबीनंदानं वेणीचं टोक मुठीत धरलं आणि खाली बघत म्हणाली, "न्हाई चालत." त्या दोन शब्दांनी मला कुठंतरी ठेच लागल्यासारखं झालं. फार नाही. टेबलाचा कोपरा मांडीला लागतो, आपण हात फिरवतो आणि पुढं जातो, तेवढंच. पण मी पुढं गेले नाही. पडद्यावर कर्सरचा चौकोन लुकलुकत होता आणि मी त्याच्याकडेच बघत राहिले.

हे कॉम्प्युटर आमच्याकडं श्रावणात आलं. आलं तेव्हा ते इतकं लहान होतं की मोठ्या बाई म्हणाल्या, बाकीचं मागून येणार असेल. बाकीचं काही नव्हतं. बटणांची एक चपटी पेटी, तिची वायर टीव्हीला जोडायची, दुसरी वायर साध्या टेपरेकॉर्डरला, की झालं. सरकारनं स्वस्तातली म्हणूनच ती घेतली होती आणि जिल्ह्यातल्या शाळांमधून ती फिरवायची असं ठरलं होतं. औरंगाबादला मला त्याचं शिक्षण दिलं, का तर मी गणित शिकवते आणि घरी माझी वाट बघणारं कोणी नाही. तिथल्या सरांनी सांगितलं, हे यंत्र स्वतःहून काहीच करत नाही. ओळीला आकडा द्यायचा, पुढं हुकूम लिहायचा, ते आकड्यांप्रमाणे एकेक हुकूम पाळतं. एक चिन्ह चुकलं तरी अडतं आणि रागावत नाही. मला हे यंत्र पहिल्या दिवशीच आवडलं. रागावत नाही हेच जास्त आवडलं. आयुष्यभर मी जिथं जिथं चुकले तिथं कोणीतरी रागावायला हजर होतंच.

टीव्ही मात्र शाळेचाच होता, आणि मला वाटतं तिथंच सगळी गोम होती. कॉम्प्युटर यायच्या आधी तो हॉलमध्ये असायचा आणि रविवारी सकाळी त्यावर देव यायचे. आजूबाजूच्या बायका अंघोळी करून, डोक्यावर पदर घेऊन सतरंजीवर बसायच्या. गोजरबाई त्याला हार घालायच्या. ज्या काचेतून देव दिसले तीच काच उचलून या खोलीत आणली आणि तिच्यावर इंग्रजी अक्षरं उमटायला लागली, तर गोजरबाईंनी आपलं वागणं का बदलावं? दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, शाळेतल्या कैच्या, कुदळ, शिवणयंत्र, प्रयोगशाळेतला तराजू यांच्याबरोबर कॉम्प्युटरचीही पूजा झाली. हळदकुंकू, झेंडूचं फूल, वर अक्षता. त्यातला एक तांदूळ लांब पट्टीच्या बटणाखाली जाऊन बसला आणि मग दोन शब्दांच्या मधे जागाच पडेना. मी केसातली पिन काढून तो दाणा उकरला. मुली हसल्या, मीही हसले. गोजरबाई हसल्या नाहीत. त्यांनी तो दाणा उचलून देवाचा म्हणून तोंडात टाकला आणि तिथून पुढं टीव्हीवर रोज एक ताजं फूल ठेवायला सुरुवात केली. देव बसला म्हटल्यावर देवाचे नियमही आले. ते कोणी काढले नाहीत. मोठ्या बाईंनी नाही, मी नाही. खोलीला आधी चपला बंद झाल्या, मग खडूचे हात बंद झाले, आणि मग एके दिवशी दाराशी तो प्रश्न ऐकू यायला लागला. मी तो ऐकला आणि वायर लावत राहिले. खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं. या यंत्राला शाळेत कोणी धूळ खात ठेवलं नाही, कोणी त्याची चेष्टा केली नाही, याचा मला अभिमान होता. ज्या मुलीला चालत नसे तिचा नंबर पुढं ढकलला जायचा, ती चार दिवसांनी यायची. कोणाचं काही बिघडत नव्हतं.

बेबीनंदाचं बिघडणार होतं. उद्या सकाळी जीप येणार आणि पेटी अंबडच्या शाळेत जाणार. तिचा नंबर सगळ्यात शेवटी होता, कारण ती आमच्या वर्गात उशिरा आली. मूळची कुंभार पिंपळगावची. तिथं पुढचं शिक्षण आहे, पण तिच्या मावशीला जुन्या जालन्यात सोबत हवी होती, म्हणून ती इकडे. इतर मुलींचं बघून बघून ती शिकली होती. तिचं बटणाला अजून बोटही लागलं नव्हतं, पण मागं उभी राहून तिनं सगळ्यांचे हुकूम ऐकले होते, आणि मला म्हणाली होती, "बाई, मी माझा बनवलाय. डोक्यातच हाये." बाकीच्या मुली पाढे करायच्या, आपलं नाव पडद्यावर शंभरदा उमटवायच्या. हिचा काय आहे हे मी विचारलं तर लाजली. नंबर आला की दाखवते म्हणाली. आज नंबर आला. इतर मुली मैदानावर कवायतीला गेल्या होत्या, त्यांच्या टाळ्या ऐकू येत होत्या. माझ्यापुढं रिकामा पडदा होता आणि ती दाराबाहेर होती.

"बाई," ती म्हणाली, "मी हितून सांगते. तुम्ही टाका."

गोजरबाईंनी मान डोलावली. "हां, हे बराबर. शिवायचं कामच न्हाई मंग."

आणि मला ते पटलं. इतकं चटकन पटलं की मी पेटी पुढं ओढलीसुद्धा. पोर हुशार आहे, मार्ग काढते, असं माझ्या मनात आलं आणि तिच्याबद्दल मला फार कौतुक वाटलं. ती दारातून म्हणाली, "दहा. प्रिंट. अवतरण. कोण हाय. अवतरण बंद." मी इंग्रजी अक्षरांत टाकत गेले. तिच्या आवाजात कुठं अडखळणं नव्हतं, हातात कागद नव्हता. "वीस. इनपुट. एन डॉलर." म्हणजे यंत्रानं थांबायचं आणि समोरचा नाव टाकेल ते धरून ठेवायचं. "तीस. प्रिंट. अवतरण. ये. अवतरण बंद. मंग एन डॉलर. मंग पुन्हा अवतरण. बैस, पाणी पे." ती डोळे मिटून सांगत होती. "चाळीस. गोटू दहा." म्हणजे पुन्हा पहिल्यापासून, पुढच्या माणसासाठी. मी विचारलं, हे कुठून सुचलं तुला? तर म्हणाली, "आमच्या घरी आई अशीच म्हनती, बाई. चुलीपाशी पाठमोरी असती. पाऊल वाजलं की म्हनती, कोण हाय. नाव सांगितलं की म्हनती, ये, बैस, पाणी पे. कुणी बी असू द्या. म्हनून म्हटलं, ह्याला बी तसंच शिकवावं."

डोळे मिटून, कागदाशिवाय, बाहेरून. मी हे आधी कुठं बघितलं होतं ते मला आठवलं, आणि खरं म्हणजे बघितलं नव्हतं, मी स्वतःच तशी बसत होते. आमच्या घरी मागच्या बाजूला सरपणाची खोली होती. महिन्यातले ते दिवस मी तिथं काढायची. पुस्तक म्हणजे सरस्वती, तेव्हा पुस्तकाला हात नाही, पाटीला नाही, पेन्सिलीला नाही. माझे वडील, नरहरपंत, तहसिलीत कारकून होते आणि गणिताचे वेडे. ते संध्याकाळी मागच्या ओसरीच्या उंबऱ्याशी बसून पुस्तकातलं उदाहरण मोठ्यानं वाचायचे, आणि मी सरपणाच्या खोलीतून डोळे मिटून उत्तर सांगायची. हौद भरायचा, व्याज काढायचं, दोन गाड्या समोरासमोर यायच्या, सगळं अंधारात, डोक्यात. बरोबर आलं की वडील म्हणायचे, "आमच्या अरुंधतीला पाटी लागत नाही." येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे. मीही सांगायची. अजून सांगते. शिक्षकांच्या खोलीत कोणी विचारलं, एवढं तोंडी गणित कसं काय हो येतं तुम्हाला, तर मी ही गोष्ट रंगवून सांगते आणि सगळे वा म्हणतात. या गोष्टीत काही चुकीचं आहे असं मला शेहेचाळीस वर्षांची होईपर्यंत वाटलं नव्हतं. आता ती मुलगी दारात डोळे मिटून उभी होती आणि तिचं कौतुक माझ्या ओठांवर आलं होतं, आणि नेमकं तेच मला नकोसं झालं. वडिलांनी मला इतक्या वेळा शाबास म्हटलं, पण एकदाही आत ये म्हटलं नाही. माझा त्यांच्यावर राग नाही. त्यांना ते सुचणंच शक्य नव्हतं, जसं मला हा दाराशी विचारलेला प्रश्न ऐकून वायर लावत राहणंच सुचलं, तसंच.

"चालवा ना बाई," ती म्हणाली. मी रन टाकलं. पडद्यावर उमटलं: कोण आहे. मी बघतच राहिले. तिनं "हाय" सांगितलं होतं, माझ्या हातांनी मला न विचारता "आहे" टाकलं होतं. दारातून तिला पडदा दिसत नव्हता. "आलं का बाई?" तिनं विचारलं. मी आलं म्हणाले. तिची आई असं बोलत नाही आणि ते मला नीट करायला हवं होतं, पण तेवढ्यात लाईट गेली.

लाईट जाणं यात नवल नव्हतं. दुपारची ती जायचीच. काच विझली, टेपरेकॉर्डरवरचा लाल ठिपका विझला. खिडक्या धुळीसाठी बंद असायच्या, त्यामुळं खोलीत संध्याकाळसारखं झालं. मैदानावरच्या टाळ्या जास्त जवळ आल्या. मुलींना सगळ्यात आधी मी हेच शिकवलं होतं, की लाईट गेली की पेटीतलं सगळं जातं, टेपवर भरून ठेवलं असेल तेवढंच उरतं. आम्ही भरलं नव्हतं. "गेलं?" बेबीनंदानं विचारलं. "गेलं," मी म्हणाले. ती चौकटीला टेकून खाली बसली. रडली वगैरे नाही. गोजरबाई म्हणाल्या, "पुढल्या साली येतंय परत म्हनून राह्यले मोठ्या बाई." पुढच्या साली ही मुलगी कुठं असेल ते आम्हा दोघींनाही माहीत होतं. मावशीच्या सुनेचं बाळंतपण झालं की मावशीला सोबतीची गरज राहणार नव्हती, आणि ही परत गावी जाणार होती.

मी अंधारात बसून होते. सकाळपासून कंबरेत एक मंद ओढ होती. स्टुलावर बसून बसून होत असेल असं मी धरून चालले होते. आता काहीच करायला नसल्यामुळं तिच्याकडं लक्ष गेलं, आणि ती ओढ ओळखीची वाटायला लागली. उन्हाळ्यापासून मला काही आलं नव्हतं. संपलं म्हणून मी सोडून दिलं होतं. मोकळं वाटलं होतं, आणि एका रविवारी उगाच रडूही आलं होतं. मी उठून मागच्या मोरीपर्यंत गेले आणि परत आले. संपलं नव्हतं. परत येताना माझे पाय आपोआप दाराशी थांबले. खोलीच्या बाहेर, चपलांपाशी, बेबीनंदाच्या शेजारी. लहानपणचे पाय होते ते. मग मला हसू यायला लागलं आणि ते मी दाबलं. सकाळपासून मी त्या पेटीला हात लावत होते. फूल बाजूला सरकवून टीव्ही पुसला होता. सगळ्या बटणांवरून माझी बोटं फिरली होती, आणि यंत्र रागावलं नव्हतं. ते कधीच रागावणार नव्हतं, हे मी औरंगाबादेत शिकून आले होते आणि जालन्यात विसरले होते.

आता ही गोष्ट माझ्याशिवाय कोणाला माहीत नव्हती. गप्प बसले असते तर काहीच झालं नसतं, आणि तेच मला छळायला लागलं. मी आत जाऊन बसले असते, लाईट आली असती, बेबीनंदानं पुन्हा बाहेरून सांगितलं असतं, मी पुन्हा "हाय"चं "आहे" केलं असतं. उद्या जीप आली असती. पुढं कधीतरी तिनंही कोणालातरी ही गोष्ट रंगवून सांगितली असती, की मी दारातून चार ओळी सांगितल्या आणि एकही चुकली नाही, आणि ऐकणारे वा म्हणाले असते. ही वा मला तिच्या वाट्याला येऊ द्यायची नव्हती. हे इतकं सरळ होतं, तरी तोंड उघडायला मला फार वेळ लागला. बाईमाणसानं चारचौघींत ही गोष्ट बोलायची नसते, आणि मी तर बाई होते, गणिताच्या.

"गोजरबाई," मी म्हणाले, "मलाही चालत नाही. आज सकाळपासून."

त्या माझ्याकडं बघत राहिल्या. मग टीव्हीकडं बघितलं. मग फुलाकडं. "सकाळपून?" त्या म्हणाल्या. "अन् फूल तर मी तुमच्याच हातात दिल्तं."

"हो."

बेबीनंदा उठून उभी राहिली होती. ती माझ्या तोंडाकडं अशी बघत होती की मी तिला वर्गात कधी इतकं लक्ष देताना बघितलं नव्हतं. गोजरबाईंनी पदर सावरला. मला वाटलं, आता त्या मोठ्या बाईंकडं जातील. शाळेत बोभाटा होईल, आणि अंबडला पेटी जायच्या आधी तिच्यावर गोमूत्र शिंपडलं जाईल. गोमूत्रानं आतल्या तारांचं काय होईल याचा मी विचारसुद्धा करून टाकला.

"तुम्हाला सांगायचं कारन नव्हतं," त्या हळू म्हणाल्या. "मला काय कळनार व्हतं?"

"तुम्हाला कळलं नसतं. हिला आत यायचंय, गोजरबाई. उद्या पेटी जाणार."

बाहेर कवायत संपल्याची घंटा झाली. मग त्या उठल्या आणि कोनाड्यातली कुंकवाची डबी काढली, तिच्यात अक्षता असायच्या. चिमूटभर घेऊन त्या टीव्हीपुढं उभ्या राहिल्या. मी घाबरून म्हणाले, "बटणांवर नका टाकू." त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की एवढं कळतं मला. अक्षता टीव्हीच्या माथ्यावर वाहिल्या, हात जोडले, पुटपुटल्या, "माय, पुन्हा ये." आणि दोन्ही हातांनी टीव्ही जागेवरून बोटभर हलवला. घरात पूजा मांडतात आणि मग उठवतात, तेव्हा मूर्ती जराशी हलवतात, तसा. मूर्ती हलली की देव त्यातून गेला, उरतं ते नुसतं भांडं, नुसती माती. त्यांनी फूल उचललं, पदराच्या टोकात बांधलं आणि म्हणाल्या, "उठवला. आता नुसता टीव्हीच हाये तो. जा गं, जल्दी कर, नाहीतर पुन्हा लाईट जाईल." लाईट अजून आली नव्हती, हे आमच्या तिघींच्याही लक्षात आलं नाही.

लाईट आली तेव्हा शाळा सुटायला थोडाच वेळ उरला होता. काच उजळली, कर्सरचा चौकोन पुन्हा लुकलुकायला लागला. बेबीनंदानं उंबरा ओलांडला. खुर्चीवर ती अगदी कडेला बसली. पहिलं बटण तिनं इतकं हळू दाबलं की ते लागलंच नाही. "दाब," मी म्हणाले, "त्याला काही होत नाही." एक शोधायला वेळ, शून्य शोधायला वेळ, अवतरणासाठी दोन बोटं लागतात हे तिला माहीत होतं पण बोटांना माहीत नव्हतं. दोनदा सिंटॅक्स एरर आला, दोन्ही वेळा तिनं जीभ चावली आणि ओळ पुन्हा टाकली. मी तिच्या मागं उभी होते आणि माझे हात मी मागं बांधून ठेवले होते. माझ्या हातांचा भरवसा नव्हता. रन टाकल्यावर पडद्यावर आलं: कोण हाय. तिनं आपलं नाव टाकलं नाही. एकेक अक्षर शोधत तिनं अरुंधती टाकलं, त्यात एक अक्षर जास्तीचं पडलं, ते तसंच राहू दिलं. यंत्रानं लगेच म्हटलं, ये अरुंधती, बैस, पाणी पे. आणि खाली पुन्हा विचारलं, कोण हाय.

मी स्टूल ओढलं आणि तिच्या शेजारी बसले. सरपणाच्या खोलीत आई पाण्याचा तांब्या आणायची तेव्हा तो दाराशी जमिनीवर ठेवायची, दोन पावलं मागं सरायची, आणि मग मी पुढं होऊन उचलायची. तांब्या नेहमी थंड असायचा आणि आईच्या बोटांचे ओले ठसे त्यावर असायचे, ते मी माझ्या बोटांनी झाकायची.

"काय म्हनून राह्यलंय ते?" गोजरबाईंनी दारातून विचारलं. बेबीनंदानं वाचून दाखवलं.

"पाणी पे म्हनतंय?" त्या म्हणाल्या. "मंग द्यावं की कुणीतरी." त्या बाहेर गेल्या, माठावरचं झाकण वाजलं, आणि पितळी तांब्या घेऊन त्या आत आल्या. टेबलाशी येऊन त्या क्षणभर थांबल्या. टेबलावर जागा होती, जमीनही रिकामी होती. मी हात मागंच ठेवले होते.

"धरा की बाई," त्या म्हणाल्या, आणि तांब्या त्यांनी माझ्या हातात दिला.